आवाज फाटतो तेव्हा

"सूर इतका छान लागला होता, मग मध्येच आवाज का फाडला?"

प्रश्न माझ्या मावशीचा. तिचा कान गाण्यात मुरलेला, त्यामुळे तक्रारही नेमकी. मी तिला एका प्रायोगिक रॉक बँडचा अल्बम ऐकवत होतो. पहिल्याच गाण्यात गायक दोनेक मिनिटं अंगाईच्या लयीत, अगदी मऊ गातो आणि मग कसलीही चाहूल न देता त्याच ओळी किंचाळत म्हणतो. थोड्या वेळाने पुन्हा मऊ. अल्बमभर हाच खेळ. मावशीने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

मग मला चाळाच लागला. भेटेल त्याला ते गाणं ऐकवायचं आणि चेहरा बघत बसायचं. एक जण म्हणाला, किंकाळ्या वगळल्या तर उत्तम अल्बम आहे. एकीच्या अंगावर नेमका किंकाळीच्या क्षणी काटा आला आणि पुढची साधी चाल ऐकताना तिचे डोळे भरून आले. एकाला शब्दच कळले नाहीत. एकाने "हे गाणं नाही, गोंगाट आहे" असा निकाल देऊन विषय संपवला. मतं चार, पण किंकाळी आली त्या क्षणी चौघांचीही मान किंचित वर झाली होती. आवडनिवड नंतर आली, मान आधी उठली. मला त्या मानेत जास्त रस आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. किंकाळी म्हणजे मोठा आवाज, असं आपण धरून चालतो. पण आवाजाची कळ पार खाली आणा, किंकाळी किंकाळीच राहते. उलट कमावलेल्या गळ्याने लावलेला तार षड्ज कितीही मोठा केला तरी त्याची किंकाळी होत नाही. 'वरची पट्टी' हेही उत्तर नव्हे. शिट्टी किंकाळीपेक्षा बरीच वर वाजते आणि तिला कुणी घाबरत नाही. फरक आहे तो खरखरीचा. आणि ही खरखर म्हणजे नेमकं काय, हा ध्वनिशास्त्रातला माझा सगळ्यात लाडका विषय आहे.

तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा जुळवताना किंवा गिटारच्या दोन तारा मिळवताना आवाज डोलतो, हे तुम्ही ऐकलं असेल. एक तार सेकंदाला २४० वेळा कंप पावते आणि दुसरी २४३ वेळा, तर दोघींचा मिळून आवाज सेकंदाला तीनदा फुगतो आणि ओसरतो. शाळेच्या पुस्तकात यालाच विस्पंद म्हटलेलं असतं. तारा जुळत येतात तसा डोल मंदावतो आणि जुळल्या की थांबतो. आता उलट्या दिशेने जाऊ. दुसरी तार २५६ वर न्या, म्हणजे सा शेजारचा कोमल रे झाला. आता डोल सेकंदाला १६ वेळा. एवढे मोजता येत नाहीत, नुसती थरथर जाणवते. फरक ३०-४० वर गेला की थरथरही सुटी ऐकू येत नाही. जे उरतं ते कानाला सँडपेपरसारखं लागतं. हर्मान फॉन हेल्महोल्त्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली हे सगळं सविस्तर मांडलं होतं. सेकंदाला साधारण ३३ विस्पंद झाले की खरखर सगळ्यात जास्त टोचते, असं त्याचं निरीक्षण होतं.

इथे चौकस वाचक विचारेल, मग पंचम का टोचत नाही? सा २४० आणि प ३६०, फरक तब्बल १२०, आणि तरी जोडी गोड. याचं उत्तर कानाच्या आत आहे. अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी एक वेटोळी नळी असते, तिला कॉक्लिआ म्हणतात. तिच्या आत सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा पडदा असतो. तोंडाशी तो अरुंद आणि ताठ, टोकाशी रुंद आणि सैल. वरचे सूर तोंडाजवळचा भाग हलवतात, खर्जातले टोकाजवळचा. पडद्यावरून जाणाऱ्या या लाटा गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी प्रत्यक्ष पाहिल्या आणि त्यासाठी त्यांना १९६१चं नोबेल मिळालं. दोन सूर एकमेकांपासून पुरेसे लांब असले तर पडद्यावर त्यांच्या जागा वेगळ्या पडतात आणि दोघे आपापल्या जागी सुखाने नांदतात. जवळ आले की एकाच जागेवर दोघांची धक्काबुक्की सुरू होते. ही 'एकच जागा' किती रुंद, याला क्रांतिक पट्टा म्हणतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; ५०० हर्ट्झच्या खाली तो साधारण १०० हर्ट्झचा असतो, १००० हर्ट्झपाशी सुमारे १६०चा. सा आणि प यांच्यातलं १२०चं अंतर पट्ट्याच्या बाहेर पडतं. शिवाय प्रत्येक सुरात त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे बारीक सूरही मिसळलेले असतात, त्यांना दुसरा, तिसरा उपस्वर म्हणू. सा चा तिसरा उपस्वर ७२० आणि प चा दुसरा उपस्वरही ७२०, म्हणजे तिथे भांडणाचा प्रश्नच नाही. कोमल रे मात्र सा च्या पायात पाय घालतो, मूळ सुरातही आणि उपस्वरांतही. १९६५मध्ये प्लॉम्प आणि लेव्हेल्ट या डच संशोधकांनी शुद्ध सुरांच्या जोड्या लोकांना ऐकवल्या. दोन सुरांतलं अंतर क्रांतिक पट्ट्याच्या साधारण पाव असतं तेव्हा ती जोडी सगळ्यात नकोशी वाटते, असं त्यांना आढळलं.

ज्यांना इथवर धाप लागली असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल. मला मात्र तो सोडवत नाही. खरखरीसाठी दोन सूर लागतातच असं नाही. १००० हर्ट्झचा एकच सूर घ्या आणि त्याचा आवाज सेकंदाला ७० वेळा कमीजास्त करा. गणिताच्या दृष्टीने आता तुमच्याकडे तीन सूर आहेत: ९३०, १००० आणि १०७०. तिघेही एकाच पट्ट्यात कोंबलेले, त्यामुळे कान त्याला खरखर म्हणतो. म्हणजे सुराची लुकलुक आणि शेजारच्या सुरांची धक्काबुक्की या एकाच गोष्टीकडे बघण्याच्या दोन खिडक्या आहेत. एकीतून काळ दिसतो, दुसरीतून वारंवारिता.

आता किंकाळीकडे. २०१५मध्ये लुक आर्नाल, डेव्हिड पोपेल आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या किंकाळ्या, बोलणं आणि गाणं यांतली लुकलुक, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा कमीजास्त होतो ते, मोजली. बोलण्यात आवाजाची चढउतार संथ असते. अक्षरं सेकंदाला चार-पाच या गतीने पडतात आणि अर्थ त्या संथ लाटांवर बसून येतो. किंकाळीत मात्र सेकंदाला ३० ते १५० या टापूत लुकलुक ठासून भरलेली आढळली. साध्या बोलण्यात आणि गाण्यात हा टापू जवळपास रिकामा होता. घुमणाऱ्या खर्जातल्या आवाजाला थोडी खरखर असतेच, तेव्हा कुंपण फार काटेकोर समजू नये. पण निष्कर्ष मजेशीर आहे: धोक्याच्या इशाऱ्यासाठी एक वाहिनी जणू राखून ठेवलेली आहे. माणसाने बनवलेले अलार्मही त्याच टापूत वाजतात. किंकाळीत खरखर जितकी जास्त, तितकी ती ऐकणाऱ्यांना भीतिदायक वाटली आणि ती कुठून आली हेही त्यांनी लवकर ओळखलं. मेंदूतल्या अमिग्डला या भावनांशी निगडित भागाची हालचालही खरखरीबरोबर वाढली. चौघांच्या माना उठल्या त्या इथे.

अमिग्डलाचं नाव आलं की 'भीतीचं बटण' असा मथळा देण्याचा मोह अनेकांना होतो. तसं काही बटण नाही. आनंदाच्या, उत्सुकतेच्या प्रसंगीही अमिग्डला जागी होते. "इकडे लक्ष दे, हे महत्त्वाचं आहे" असं ती सांगते. महत्त्वाचं म्हणजे वाईटच, असं ती सांगत नाही.

आता गळा ही खरखर आणतो कुठून? स्वरयंत्रातल्या दोन पट्ट्या हवेच्या झोताने उघडझाप करतात. २२० हर्ट्झचा सूर म्हणजे सेकंदाला २२० उघडझापा, सगळ्या एकसारख्या. हवेचा दाब वाढवत नेला किंवा दोन पट्ट्यांचा ताण वेगवेगळा झाला की एक विलक्षण गोष्ट होते. उघडझाप बिघडते, पण कशीही बिघडत नाही. एक मोठी, एक लहान, एक मोठी, एक लहान अशी चालू होते. आता आकृती पुन्हा पहिल्यावर यायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून २२०च्या खाली ११० हर्ट्झचा एक भुताटकीसारखा सूर उगवतो. आणि ११० हा आकडा बघा, नेमका त्या ३० ते १५०च्या टापूत! दाब आणखी वाढला की दुपटीची चौपट होते आणि पुढे तर कुठलीच आकृती परत येत नाही. गणितात या अवस्थेला केऑस म्हणतात. तान्ह्या बाळाच्या रडण्यात हे सगळे टप्पे सापडतात. आवाज 'फाटतो' हा आपला शब्दप्रयोग किती चपखल आहे! एका सुराची खरोखरच दोन शकलं होतात.

रॉकमधले कसलेले किंचाळणारे मात्र हे अपघाताने करत नाहीत. खऱ्या स्वरपट्ट्यांच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्यांना आभासी स्वरपट्ट्या म्हणतात. खोकताना, गिळताना त्या मिटतात, बोलताना बाजूला राहतात. हे गायक त्यांना मुद्दाम जवळ आणून हेलकावे देतात. तिबेटी भिक्षूंचं खोल मंत्रपठण आणि सार्डिनियातलं खर्जातलं समूहगान यांतही याच घड्या मूळ सुराच्या निम्म्या वेगाने हलतात. म्हणजे आमच्या अल्बममधल्या गायकाने मावशीला वाटलं तसा गळा सोडून दिलेला नव्हता. एका वाद्यावरून हात काढून त्याने तो वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या वाद्यावर ठेवला होता. यातलं बरंचसं काम बेताच्या आवाजात होतं, गगनभेदी करण्याचं काम मायक्रोफोन करतो. घरी आरशासमोर शिक्षकाविना प्रयोग करू नयेत, घसा बसतो. हे मी अनुभवाने सांगतो.

मान उठल्यानंतर मात्र रस्ते फुटतात. झुरिकच्या संशोधकांनी २०२१मध्ये किंकाळ्यांचे सहा प्रकार तपासले. त्यांत भीतीच्या, रागाच्या आणि वेदनेच्या होत्या, तशाच आनंदाच्या, सुखाच्या आणि दुःखाच्याही. धोक्याच्या किंकाळ्या माणूस आधी ओळखेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात आनंदासारख्या बिनधोक्याच्या किंकाळ्या लोकांनी अधिक लवकर आणि अधिक अचूक ओळखल्या. सिडनीतल्या बिल थॉम्पसन यांच्या गटाला डेथ मेटल या गुरगुरत-किंचाळत गायल्या जाणाऱ्या रॉक प्रकाराच्या चाहत्यांत त्याच संगीताने आनंद, शांतता, सामर्थ्य अशा भावना दिसल्या, तर इतरांत ताण, भीती आणि राग. ध्वनी तोच, पडदा तोच. चाहत्यांना या गाण्यांतले शब्दही इतरांपेक्षा जास्त कळतात, हेही त्याच गटाने दाखवलं आहे. अ, आ, इ अशा स्वरांची ओळख तोंडाच्या आकारातून होते आणि किंचाळतानाही तोंडाचा आकार बदलतोच, पण खरखरीच्या आडून तो ऐकायला कान सरावलेला लागतो. "शब्दच कळले नाहीत" म्हणणारा खोटं बोलत नव्हता, फक्त नवखा होता.

असलं संगीत ऐकून पोरं हिंसक होतात, हा आरोप जुना. क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५मध्ये अशा संगीताच्या ३९ श्रोत्यांना आधी मुद्दाम राग आणला गेला. मग काहींना १० मिनिटं त्यांच्या आवडीची गाणी ऐकू दिली, काहींना शांत बसवलं. शांत बसलेल्यांची नाडी उतरली, गाणी ऐकणाऱ्यांची चढलेलीच राहिली. पण चिडचिड दोघांचीही कमी झाली आणि गाणी ऐकणारे उलट उत्साही झाले. ३९ माणसांवरून जगाचा न्याय करू नये, पण आरोपाला एवढाही आधार नाही.

तरीही हेवी मेटल ऐकवलेल्या पाण्याचे स्फटिक विद्रूप होतात, हा फॉरवर्ड मला वर्षातून दोनदा तरी येतोच. मसारू इमोटो या जपानी गृहस्थांची ती छायाचित्रं. कोणतं पाणी कुठल्या बाटलीतलं हे छायाचित्रकाराला माहीत, आणि अनेक स्फटिकांतला कुठला छापायचा हेही तेच ठरवणार! अशा पद्धतीने पाण्याला कुठलीही आवडनिवड चिकटवता येईल. पाण्याला कान नसतात. कॉक्लिआ तर नसतेच नसते.

राहता राहिला तो काटा, आणि पुढचं रडू. मॉन्ट्रिअलमधल्या वलोरी सलिमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांच्या २०११च्या प्रयोगात लोकांनी स्वतःला काटा आणणारं संगीत स्वतःच निवडलं होतं. काटा आला तेव्हा मेंदूच्या एका भागात डोपामिन हे सुखाशी निगडित रसायन स्रवलं. पण त्याआधीच्या काही सेकंदांत, तो क्षण येणार हे कळत असताना, ते दुसऱ्याच भागात स्रवत होतं. वाट बघणं आणि मिळणं यांची खाती वेगळी. डेव्हिड ह्यूरन हे संगीतशास्त्रज्ञ यात आणखी एक धागा जोडतात: आधी दचकणं आणि लगेच "काही धोका नाही" असं कळणं, या दोहोंतल्या फरकातून सुखाची तीव्रता वाढते. हे पडताळायला मी संगणकावर त्या गाण्यातल्या किंकाळ्या कापून नुसती चाल जोडली आणि रडलेल्या मैत्रिणीला ऐकवली. "छान आहे," ती म्हणाली आणि फोन बघायला लागली.

मावशीला ते गाणं अजून आवडत नाही. परवा मी ते लावलं होतं, ती भाजी निवडत बसली होती. मऊ भाग संपत आला तसा तिचा हात थबकला, मान वर झाली.

"आता फाडेल बघ," ती म्हणाली.

किंकाळी यायला अजून चार सेकंद होते.