उजनीचं शून्य आणि ड्रोनचं शून्य

सोलापूरकराला शून्याचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ अशी बातमी येते, तरी धरणात पाणी असतंच. शून्य टक्क्यांनाही सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा शिल्लक राहतो. शून्य कुठे धरायचं, हे माणसाने ठरवलेलं असतं. हौशी ड्रोनने गळ टाकू पाहणाऱ्याने हीच गोष्ट आधी ध्यानात घ्यावी.

कल्पना सोपी आहे. हाताने फेकलेला गळ जिथे पोचत नाही, तिथवर ड्रोन तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ओढत नेतो. पोटाखालचा चिमटा उघडतो, आमिष पाण्यात पडतं, ड्रोन मोकळा परततो. तशी ही हुशारी जुनीच. सॉलोमन बेटांवरचे मच्छीमार पानांचा पतंग उडवून त्याला कोळिष्टकाचा गुंता लटकवायचे. लांब चोचीच्या माशाचे दात त्यात अडकत.

ड्रोन उंची मोजतो ती मुख्यतः हवेच्या दाबावरून. दर आठेक मीटरला दाब साधारण एक मिलिबारने उतरतो. उड्डाण घेताना जो दाब असेल, तेच त्याचं शून्य. उंच काठावरून उडवून पाण्याकडे खाली आणला, तर पडद्यावर उंची वजा दिसते. ड्रोनही मायनसमध्ये जातो! होडीतून उडवला तर धोका उलटा: ‘घरी परत’ची कळ दाबली की तो उड्डाणाच्या जागी येतो, आणि होडी तोवर वाहून पुढे गेलेली असते.

जमिनीजवळ त्याच्या मदतीला पोटाखालचा कॅमेरा असतो. खालचे दगड, गवत किती सरकले, यावरून तो स्वतःची हालचाल ओळखतो. पाण्यावर लाटाच सरकतात, त्यामुळे स्थिर असूनही आपण सरकतोय असं त्याला वाटतं. म्हणून पाण्याला लागून उडवू नये, चार-पाच मीटर अंतर ठेवावं.

खरी परीक्षा तंगुसाची. आमिष दोनशे ग्रॅमच असेल, पण ओल्या, वाऱ्यात ताणलेल्या तंगुसाची ओढ तिरकी असते. तिला तोंड द्यायला ड्रोन कलतो. ३० अंश कलला की पंख्यांच्या जोरातला ८७ टक्केच भाग त्याला उचलायला उरतो, ४५ अंशांना ७१ टक्के. तंगूस एका पायाला बांधला तर त्या बाजूच्या मोटरी जास्त राबतात. तो बरोबर मध्याखालीच हवा. शिवाय उजनीचा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर. मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारी इथली हवा समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा तेराएक टक्के विरळ असते. बॅटरी लवकर संपते ती यामुळेही. पहाटे उडवा, आधी कोरड्या काठावर वजन लावून पाहा. ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशात ती जागा हिरवी, म्हणजे उडवायला मोकळी, आहे का, तेही तपासा.

चिलापीसाठी इथे मच्छीमारांची जाळी लागलेली असतात, त्यांच्यावर गळ टाकणं मला अजिबात पटत नाही. आणि हिवाळ्यात रोहित पक्षी उथळ पाण्यात चरत असतील, तर ड्रोन पिशवीतच ठेवावा. तुटलेला तंगूस मात्र काठावर कधीच सोडू नये. तो नायलॉनचा, लवकर कुजत नाही. पक्ष्याच्या पायात अडकला की सुटत नाही.