जुन्या गाडीत नवं इंजिन बसवायचंय? आधी आरसी बघा, मग पेट्रोलचे पाइप

फियाट ११०० किंवा पद्मिनीत नव्या गाडीचं फ्युएल इंजेक्शनचं (कार्ब्युरेटर नसलेलं) इंजिन बसवून द्यायला आज चांगली गॅरेजं तयार असतात. पाइप कुठले घ्यायचे, पंप कुठे लावायचा, सगळं तिथे समजावून सांगतात. ते इंजिन आरसीवर चढेल का, हा प्रश्न मात्र बहुतेकांना काम संपल्यावर पडतो. तोवर मूळ इंजिन भंगारात गेलेलं असतं आणि मागे फिरायची वाट बंद झालेली असते. म्हणून इंजिनाचा ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा.

कायदा कुठे अडवतो

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ हे या विषयाचं मूळ आहे. निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळेनासा होईल, असा कोणताही बदल मालकाने गाडीत करायचा नाही. इंजिनाची क्षमता आणि इंधनाचा प्रकार हे दोन्ही आरसीवर असतात. १०८९ सीसीच्या पद्मिनीत १२०० सीसीचं दुसऱ्या कंपनीचं इंजिन टाकलं, की तपशील तिथेच फिसकटतो. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं, की निर्मात्याच्या मूळ तपशिलाबाहेर जाणारा बदल नोंदवता येत नाही. कलम १८२अ नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

विम्याचा फटका याहून मोठा. विमा कंपनीला न कळवता इंजिन बदललं आणि गाडीला आग लागली, तर नुकसान तपासायला आलेला विमा कंपनीचा सर्व्हेअर इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहणारच.

कोणता बदल नोंदवता येतो

मूळ इंजिनाचा ब्लॉक फुटला आणि त्याच मेकचं, त्याच प्रकारचं, तेवढ्याच क्षमतेचं दुसरं इंजिन मिळालं, तर त्याचा नंबर आरसीवर चढवून घेता येतो. पूर्वपरवानगीशिवाय झालेला बदल १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवावा, असंही कलम ५२ म्हणतं. पण त्या मुदतीच्या भरवशावर राहू नका. आधी अर्ज, मग लेखी परवानगी, त्यानंतर काम, हाच क्रम ठेवा.

अर्ज वाहन पोर्टलवरून, गाडीतील बदलाच्या सेवेत जाऊन भरायचा. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, चेसिस नंबरची आणि नव्या इंजिन नंबरची पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घेतलेला ठसा), इंजिनाचं बिल आणि काम करणाऱ्या गॅरेजचं बिल लागतं. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा नाहरकत दाखला हवा. पर्यावरण कर थकला असेल तर तो आधी भरा, नाहीतर अर्ज पुढे सरकणार नाही. त्यानंतर गाडी तपासणीला न्यावी लागते आणि निरीक्षक नंबर प्रत्यक्ष पाहतो.

यातला सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे इंजिनाचं बिल. जुन्या बाजारातून घेतलेल्या इंजिनावर विक्रेत्याचं नाव, जीएसटी क्रमांक आणि इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल नसेल, तर ते इंजिन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. ते चोरीच्या गाडीतलं निघालं, तर पोलिसांपुढे उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय सेवेत इंजिन नंबर टाकून आधी खात्री करून घ्या.

सीएनजी, एलपीजी आणि बॅटरीवरचं रूपांतर कलम ५२ च्या परंतुकात, म्हणजे अपवादाच्या भागात येतं. त्यासाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने मान्य केलेलं किट आणि अधिकृत बसवणारा लागतो. किट तुमच्या मॉडेलसाठी मंजूर आहे का, हे मंजुरीच्या कागदावर वाचा. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

५० वर्षं झाली असतील तर थांबा

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी नियम ८१अ पासून पुढे स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या, खासगी वापराच्या दुचाकी आणि चारचाकी यात येतात. फियाट ११०० आता पात्र आहे. पद्मिनी या नावाने गाड्या १९७४ च्या सुमारास यायला लागल्या, त्यातल्या सुरुवातीच्या गाड्या आत्ता कुठे पात्र होत आहेत. वय उत्पादनाच्या वर्षावरून धरत नाहीत, पहिल्या नोंदणीच्या तारखेवरून धरतात.

दुसरी अट इंजिन बदलणाऱ्यांनी दोनदा वाचावी अशी आहे. गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे ४८ वर्षांच्या गाडीत आज नवं इंजिन टाकणारा माणूस दोन वर्षांनी मिळणारी पात्रता स्वतःच्या हाताने घालवतो. मला हे फार जिव्हारी लागतं, कारण ते नुकसान पैशाने भरून येत नाही.

अर्ज फॉर्म २० मध्ये, परिवहन पोर्टलवर. सोबत विमा आणि आधीची आरसी. आयात केलेली गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुढच्या नोंदणीचं ५,०००. राज्याची समिती गाडी तपासते आणि फॉर्म २३अ मधलं प्रमाणपत्र ६० दिवसांत द्यायचं असतं. नोंदणी १० वर्षांची. नव्याने नोंदवलेल्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. रोज चालवायची असेल तर साधी नोंदणीच ठेवा आणि मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून नूतनीकरण करा.

परवानगी न लागणारी सुधारणा

पेट्रोलचे पाइप आरसीवर नसतात. मूळ इंजिन ठेवून इंधनाची सगळी वाट नवी करायला आरटीओची परवानगी लागत नाही, आणि जुन्या गाडीला आज त्याचीच गरज जास्त आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं, नंतर चिरतं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पत्र्याची टाकी आतून गंजते.

एसी पंपापासून (इंजिनावरच्या मेकॅनिकल पेट्रोल पंपापासून) कार्ब्युरेटरपर्यंतचा पाइप बोटांनी वाकवून बघा. क्लिपच्या कडेला केसासारख्या चिरा दिसल्या, किंवा आतून फडकं फिरवल्यावर काळं निघालं, तर तो पाइप त्याच दिवशी काढा. टाकीजवळचा आखूड तुकडा दिसत नाही म्हणून राहून जातो. तोही बदला.

मेकॅनिकल पंपाचा दाब जेमतेम ३ ते ५ पीएसआय असतो, त्याला एसएई जे३० या इंधन पाइपांच्या मानकातला आर६ किंवा आर७ चा पाइप दाबाच्या हिशोबाने पुरतो. तरी मी आर९ च घ्या म्हणेन. त्याचं आतलं अस्तर फ्लोरोइलॅस्टोमरचं असतं, ते इथेनॉलला टिकतं. पाइपवर छापलेली अक्षरं वाचूनच पैसे द्या. ज्यांच्या आरसीवर इंजेक्शनच्या इंजिनाची नोंद रीतसर झालेली आहे, त्यांना मात्र निवडच नाही. तिथे दाब ४० पीएसआयच्या पुढे जातो, म्हणून आर९ किंवा टेफ्लॉनच्या अस्तराचा स्टील जाळीचा पाइपच हवा. शिवाय बहुतेक रचनांत टाकीकडे परतीची लाइन लागते, पंप टाकीजवळ आणि तिच्या तळाच्या पातळीला लावावा लागतो, आणि धडक बसल्यावर पंप बंद पाडणारा स्विच हवाच. कार्ब्युरेटरची लाइन तशीच ठेवून त्यावर इंजेक्शनचा पंप जोडणं म्हणजे गरम एक्झॉस्टवर पेट्रोलचा फवारा उडण्याची तयारी.

खाचांची स्क्रू क्लिप पाइपचं रबर कापते, गोल कडांची इंजेक्शन क्लिप घ्या. तळाखालची लांब लाइन स्टीलची किंवा तांबे-निकेलची करा आणि एक्झॉस्टपासून दूर न्या. साधं तांबं हादऱ्यांनी कडक होऊन तडकतं.

पाइप बसवल्यावर इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू दाबून बघा. ओल दिसली तर गाडी तपासणीला नेऊ नका. पाइपचं बिल जपून ठेवा आणि आर९ ची छपाई दिसेल असा फोटो त्याच फाइलला लावा. आगीच्या दाव्यात सर्व्हेअरपुढे ठेवायला तोच पुरावा लागतो.