अमली पदार्थ प्रतिबंधक शिक्षणाची परिणामकारकता

अमली पदार्थ, दारू व तंबाखू यांपासून मुलांनी दूर राहावे म्हणून शाळेत जे शिकवले जाते, त्याने सेवन खरोखर किती घटते याचा विचार. माहिती वाढली का, कार्यक्रम आवडला का, एवढेच बहुतेक ठिकाणी तपासले जाते आणि गफलत तिथेच होते. दुष्परिणाम तोंडपाठ असलेला मुलगा मित्राने पुढे केलेली सिगारेट नाकारेलच असे नाही.

अमेरिकेतील ‘डेअर’ हा कार्यक्रम याचे ठळक उदाहरण. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये तो सुरू झाला. गणवेशातील पोलीस वर्गात येऊन शिकवत. पालक-शिक्षकांना तो मनापासून पटला आणि देशभर पसरला. मात्र त्यावरील अनेक अभ्यासांच्या १९९४ मधील एकत्रित विश्लेषणात सेवनावरचा परिणाम अत्यल्प आढळला. दहा वर्षांच्या पाठपुराव्यातही (१९९९) ‘डेअर’ची मुले आणि नेहमीचे धडे घेतलेली मुले यांच्यात फरक दिसला नाही. २००९ पासून अभ्यासक्रम बदलण्यात आला.

भीती दाखवणे, एखादेच व्याख्यान देणे, व्यसनातून बाहेर पडलेल्यांना अनुभव सांगायला बोलावणे या लोकप्रिय पद्धतींना पुराव्याचा आधार नाही, असे संयुक्त राष्ट्रांची प्रतिबंधविषयक मानके (२०१३, २०१८) सांगतात. हेतू चांगला असला तरी अपाय होऊ शकतो, हे विसरता कामा नये. युरोपात उपयोगी ठरलेला ‘अनप्लग्ड’ कार्यक्रम ब्राझीलमध्ये राबवल्यावर तिथे दारूची सुरुवात करणाऱ्या मुलांचे प्रमाण उलट वाढलेले दिसले.

उपयोग होतो तो सरावाचा. नकार कसा द्यायचा, ताण कसा हाताळायचा हे मुले अभिनयातून, चर्चेतून शिकतात. ‘सगळेच घेतात’ हा समज प्रत्यक्ष आकडे दाखवून खोडला जातो. पुढच्या इयत्तांत उजळणीही होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिल्बर्ट बॉटविन यांच्या जीवनकौशल्य प्रशिक्षणाची न्यूयॉर्क राज्यातील ५६ शाळांत चाचणी झाली. नीट राबवले गेले तिथे सेवनातला फरक बारावीपर्यंत टिकला. उपलब्ध संशोधन एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०१४ मधील ५१ अभ्यासांच्या आढाव्यातही कौशल्ये आणि मित्रांच्या दबावाला तोंड देणे यांची सांगड घालणारे कार्यक्रम सरस ठरले, पण परिणाम लहानच होता.

सर्वांत विचार करायला लावणारा प्रयोग अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातला. १९८० च्या दशकात तिथे पहिली-दुसरीच्या वर्गांत गट पाडून शिस्तीने वागण्याचा खेळ घेतला गेला. त्यात अमली पदार्थांचा उल्लेखही नव्हता. ही मुले १९ ते २१ वर्षांची झाली तेव्हा मुलग्यांमध्ये, विशेषतः लहानपणी आक्रमक असलेल्यांमध्ये, व्यसनाचे विकार कमी आढळले.