डिजिटल हातसंच, हौशी रेडिओतील

आवाजाचे अंकांत रूपांतर करून तो प्रक्षेपित करणारा, मुठीत मावणारा बिनतारी प्रेषक-ग्राही. हॅम मंडळी, म्हणजे छंद म्हणून रेडिओवर बोलणारे हौशी, त्याला ‘हॅण्डी’ म्हणतात. भारतात हे संच मुख्यतः 144–146 आणि 434–438 मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यांत चालवतात. परवाना अर्थातच हवा.

हौशींत डिजिटल बोलण्याच्या तीन पद्धती रुळल्या. जपानी हौशी रेडिओ संघाची डी-स्टार सर्वांत जुनी. तिचे मानक 2001 च्या सुमाराचे. येसू या जपानी कंपनीची सी4एफएम 2013 मध्ये आली. डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) हे युरोपीय मानक 2005 चे, मुळात व्यावसायिक वापरासाठी आखलेले. हौशींनी ते साधारण 2009–10 च्या आसपास उचलले असे दिसते. स्वस्ताई आली ती याच मानकामुळे, कारण अनेक चिनी उत्पादक त्यात उतरले. टीवायटी कंपनीचा एमडी-380 हा त्यांतला गाजलेला संच.

डीएमआरमध्ये 12.5 किलोहर्ट्‌झच्या एकाच वाहिनीचे प्रत्येकी 30 मिलिसेकंदांचे दोन कालखंड आळीपाळीने वापरतात. त्यामुळे एका रिपीटरवर, म्हणजे आलेला संदेश पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या उंचावरच्या केंद्रावर, दोन संभाषणे चालतात, आणि हॅण्डीचा प्रेषक निम्मा वेळ बंद राहिल्याने बॅटरी पुरते. खरी मेख ‘टायर’ची, म्हणजे मानकातल्या पायरीची आहे. टायर 1 कमी शक्तीच्या थेट बोलण्यासाठी, टायर 2 रिपीटरसाठी. खोक्यावर नुसते ‘डीएमआर’ छापलेला संच टायर 2 चा असेलच असे नाही. केवळ टायर 1 च्या संचाला रिपीटरचा कालखंड पाळता येत नाही, मग स्वस्तात मिळूनही तो निम्मा निरुपयोगी.

डिजिटलचा पल्ला ॲनालॉगपेक्षा लांब असतो, असे विक्रेते सांगतात. अनुभवी हॅम हे जपून मानतात. डीएमआरमध्ये सेकंदाला 2,450 बिट आवाजासाठी व 1,150 बिट चूकदुरुस्तीसाठी खर्ची पडतात. दुरुस्ती पुरते तोवर आवाज स्वच्छ, पुरेनाशी झाली की शब्दांचे तुकडे. परळच्या टॉवरांमध्ये, जिथे लहरी भिंतींवर आपटून उलटसुलट येतात, तिथे दोन पावले सरकल्यावर तुटलेले वाक्य जुळते. ॲनालॉग एफएमवर मात्र खरखरीतूनही कॉलसाइन, म्हणजे हॅमची परवान्यातली ओळखखूण, ओळखू येते. म्हणून डिजिटल आणि ॲनालॉग दोन्ही चालणारा, दोन्ही पट्ट्यांचा टायर 2 संच घेणे बरे. शहरातले बाकीचे हॅम कोणत्या पद्धतीवर बोलतात, ते आधी विचारावे.

बॅटरी, आकाशक (अँटेना) आणि प्रोग्रामिंगची केबल लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, पाहावी. संच घेताना मात्र आयातीचे व मान्यतेचे कागद मागावेत. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकी विकणाऱ्या ऑनलाइन मंचांना याच मुद्द्यावर नोटिसा काढल्या होत्या.

कोडप्लग, म्हणजे संचाच्या मांडणीची फाइल, भरेपर्यंत संच मुका. वारंवारता, कालखंड, 0 ते 15 पैकी कलर कोड (रिपीटरशी जुळावा लागणारा आकडा), टॉकग्रुप (बोलणाऱ्यांच्या गटाचा क्रमांक) आणि 404 ने सुरू होणारा आपला भारतीय सात-आकडी डीएमआर ओळख-क्रमांक त्यात घालावा लागतो. कूटलेखनाची सोय असली तरी ती बंदच ठेवायची. हौशी पट्ट्यांत सांकेतिक बोलणे चालत नाही.

वाहनसंच बहुधा 25 ते 50 वॉटचे असतात आणि गाडीच्या बॅटरीवर चालतात. बाकी निकष तेच.