‘कोर्ट मॅरेज’ म्हणजे नेमकं कोणतं लग्न? खानदेशातल्या नोकरदार तरुणांच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

पूर्व खानदेशाचा जळगाव झाला, पश्चिमेचा धुळे, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. नकाशा बदलत गेला तरी सोयरीक जुळायची रीत तीच होती. मामा, फुई (आत्या), एखादा याही (व्याही) स्थळ सुचवायचा. घरं बघणं झालं की सुपारी फुटायची, म्हणजे लग्न पक्कं व्हायचं, आणि उन्हाळ्यातली तीथ धरली जायची. पोरा-पोरीला विचारलं जायचं, पण शेवटी.

ही घडी विस्कटली शिक्षणाने. १९८३ नंतर राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयं निघाली, १९९० मध्ये जळगावात स्वतंत्र विद्यापीठ आलं. रावेर-यावलच्या केळीवर आणि कापसावर शिकलेली मुलं पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत पोचली. दहा-पंधरा वर्षांत मुलीही तितक्याच हिमतीने पोचल्या. एकाच टीममध्ये काम, एकाच शिफ्टची कॅब, दिवाळीला गावाकडच्या ट्रॅव्हल्समध्ये शेजारची सीट. प्रेम इथे जमतं. ते घरी सांगायची वेळ आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येते, कारण तेव्हा सगळे घरी असतात.

त्यात मुलींची संख्या. जळगाव जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे २००१ मध्ये ८८० मुली होत्या, २०११ मध्ये ८४२. २००१ ला मोजलेली ती मुलं आज लग्नाच्या वयात आहेत. म्हणून मुलाच्या बायोडाटात ‘पॅकेज’ हा रकाना सगळ्यात आधी वाचला जातो, आणि तो नेहमी फुगलेला असतो. बारा लाखांचं पॅकेज घ्या. मूळ पगार निम्मा आणि व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, दहा टक्के धरलं, तर त्यातले १ लाख २० हजार व्हेरिएबल, ७२ हजार कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि सुमारे २९ हजार ग्रॅच्युइटीचे. उरलेल्यातून स्वतःचा पीएफ आणि व्यवसाय कर गेला की महिन्याला हातात येतात ७५ हजारांच्या आसपास. मुलीकडचे बाराला बारांनी भागून लाख धरतात. पुढच्या कितीतरी भांडणांचं मूळ या भागाकारात असतं.

घरचा नकार आला की एकच शब्द उच्चारला जातो : कोर्ट मॅरेज. या शब्दाने जेवढा घोळ घातला आहे तेवढा जातीनेही घातला नसेल. कोर्टात कोणाचं लग्न लागत नाही. या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी बोलल्या जातात.

पहिली, विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे विवाह अधिकाऱ्यासमोर होणारं लग्न. दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. भाडेकरार मित्राच्या नावावर असला की पहिली अडचण इथेच येते. नोटीस दिली की ती कार्यालयात दर्शनी जागी लागते आणि ३० दिवस थांबावं लागतं. आक्षेप कोणीही घेऊ शकतो, पण कारणं ठरलेली आहेत : आधीचा जोडीदार हयात असणं, मानसिक अक्षमता, मुलाचं २१ किंवा मुलीचं १८ पूर्ण नसणं, निषिद्ध नातं. ‘आमची परवानगी नाही’ हे कारण या यादीत नाही. आक्षेप आलाच तर अधिकाऱ्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. लग्नाला तीन साक्षीदार लागतात, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मधेच ऑनसाइटची, म्हणजे कंपनीच्या कामाला परदेशी जायची, तारीख आली की हीच मुदत हुकते.

खरी गोम कलम ६ मध्ये आहे. दोघांपैकी कोणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लावली जाते. पुण्यात गुपचूप दिलेली नोटीस जळगावच्या किंवा धुळ्याच्या फलकावर येते ती अशी. तिथे कामाला आलेला गावातला एखादा माणूस नावं वाचतो आणि संध्याकाळी पारावर चर्चा असते. सज्ञान दोघांच्या निर्णयाची खबर गावाला पोचवणारी ही तरतूद अन्यायाची आहे, असं म्हणणाऱ्यांची बाजू आम्हाला पटते. ती ठेवा म्हणणारे सांगतात की आधीचं लग्न लपवून होणारी फसवणूक यामुळे उघड होते. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्यावर सोपवलं. मात्र तो निकाल महाराष्ट्रातल्या कार्यालयांना बंधनकारक नाही.

दुसरी गोष्ट, विधी करून लावलेलं लग्न. दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील तर जात वेगळी असली तरी १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने ते चालतं आणि ३० दिवसांची नोटीस लागत नाही. पुष्कळ आंतरजातीय जोडपी ही वाट माहीत नसल्यामुळे उगाच पहिल्या वाटेने जातात.

तिसरी, ‘रजिस्टर’. झालेल्या लग्नाची ही नोंद, महाराष्ट्रात १९९८च्या कायद्याखाली ९० दिवसांत करायची. पण अलीकडे उलटंच चाललंय. सुपारी झाली, मुलाचा व्हिसा निघायचाय, तीथ मे महिन्यातली. मग दोन्ही घरं म्हणतात, ‘आत्ता रजिस्टर करून घेऊ, लगीन नंतर.’ विधी न होताच प्रमाणपत्र हातात येतं.

एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नेमकं असंच प्रकरण आलं. दोघंही व्यावसायिक वैमानिक. विधीची तारीख पुढे ठेवून आधी प्रमाणपत्र काढलेलं, आणि मधल्या काळात बिनसलं. न्यायालयाने सांगितलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह होत नाही, आणि त्या दोघांचं लग्न झालंच नव्हतं असं जाहीर केलं. निकाल आम्हाला योग्य वाटतो, पण प्रत्येकाला दिल्ली गाठता येत नाही. खाली तालुक्याला सुपारी मोडलेल्या मुलीच्या हातात ते प्रमाणपत्र उरतं, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव चढलेलं असतं आणि नवं स्थळ पहिला प्रश्न तोच विचारतं.

सुटायचं तर दोन मार्ग. विधी झाले नाहीत हे सिद्ध करून लग्न नव्हतंच असं न्यायालयाकडून ठरवून घ्यायचं. त्याला पत्रिका नाही, फोटो नाहीत, एकत्र राहणं नाही हे दाखवावं लागतं. पण फॉर्मवर ‘विधी अमुक दिवशी झाला’ असं लिहून सही केलेली असते आणि ती आडवी येते. दुसरा मार्ग परस्पर संमतीने घटस्फोटाचा : वर्षभर वेगळं राहिल्यावर अर्ज, मग सहा महिने थांबणं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, आधीचं एक वर्ष नाही. व्हिसासाठी घाई करणाऱ्या घरांनी भटजी बोलावून घरच्या घरी सप्तपदी उरकावी, दोन्हीकडच्या माणसांसोबत फोटो काढावेत आणि नोंदणीच्या फॉर्मवर त्याच दिवसाची तारीख घालावी. मांडव, पंगत आणि वरात मे महिन्यात झाली तरी चालते.