तळ्याकाठचा जुना फ्लॅट घेताना

ठाण्यात घर शोधणाऱ्या मुंबईकर ग्राहकांसाठी

दादर, परळ, मुलुंडहून आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांची मागणी बहुधा ठरलेली असते: ठाणे स्टेशनपासून चालत जाता यावे, सोसायटी जुनी असावी, आणि खिडकीतून मासुंदा तलाव दिसला तर फारच उत्तम. मागणी गैर नाही. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी इथेच येऊन थांबली. कोपिनेश्वराचे देऊळ, बाजार, नौपाडा सगळे पायी फिरण्याच्या टप्प्यात. पण या भागातल्या पुष्कळ इमारतींनी तिशी ओलांडली आहे. तेव्हा टोकन देण्याआधी पुढच्या गोष्टी बघून घ्या.

ओल कुठून येते

तळ्याकाठच्या घराची ओल तळ्यातून येते, असा समज आहे. तळमजल्यावर तो काही अंशी खरा ठरतो: जमिनीतला ओलावा भिंतीत साधारण तीन-साडेतीन फुटांपर्यंत चढतो, पोपडे आणि पांढरा खार त्याच उंचीपर्यंत दिसतो. वरच्या मजल्यांवर कारण वेगळे असते. छतावरचा तपकिरी गोल डाग बाराही महिने ओला असेल तर वरच्या घराचा न्हाणी ट्रॅप (न्हाणीघरातले पाणी वाहून जाण्याचे तोंड) गळतो आहे. डाग पावसातच उमटत असेल तर बाहेरच्या प्लास्टरला चीर आहे, किंवा शेवटच्या मजल्यावर गच्चीचे वॉटरप्रूफिंग गेले आहे. गच्चीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. न्हाणीघराची वरच्या सभासदाने, आणि तिथेच भांडणे वर्षानुवर्षे चालतात.

घर जुलै-ऑगस्टमध्ये बघा. एप्रिलमधल्या ताज्या रंगाखाली काहीही लपते. शंका असलेल्या जागी फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला धरले तर ओल भिंतीतली आहे, खोलीकडच्या बाजूला धरले तर नुसता हवेतला दमटपणा. मग छताच्या बीमवर छोट्या हातोडीने ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर आतला गज गंजून फुगला आहे आणि काँक्रीट सुटायला लागले आहे. त्यावर पुट्टी मारून काही होत नाही.

तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकामाच्या मजबुतीची तपासणी) करावेच लागते. अहवाल सोसायटीकडे मागा आणि वर्ग बघा: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची, सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी राहते ठेवून दुरुस्ती, सी-३ किरकोळ काम. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते, तीही चाळा. ‘अहवाल आहे, पण आत्ता सापडत नाही’ हे उत्तर आम्ही नकारच धरतो.

कागद

पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करार सलग हवेत. मधला एक जरी हरवलेला असला तरी बँक कर्जाला अडवते. १० डिसेंबर १९८५ नंतरच्या प्रत्येक करारावर किमतीप्रमाणे मुद्रांक शुल्क भरलेले असले पाहिजे. कमी पडले असेल तर दरमहा २ टक्के दंड, कमाल फरकाच्या चौपट. तो विकणाऱ्याने भरायचा, असे टोकनच्या पावतीवरच लिहून घ्या. भागदाखल्यावर (सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर) मृत सभासदाच्या जागी नॉमिनीचे नाव लागले असेल तर तेवढ्याने तो मालक होत नाही. सगळ्या वारसांच्या सह्या लागतात.

जमीन कोणाच्या नावावर आहे ते मालमत्ता पत्रकावर बघा. अजून बिल्डरचेच किंवा मूळ जमीनमालकाचेच नाव असेल तर सोसायटीला आधी मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे त्यांच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने जमीन आपल्या नावावर, करून घ्यावे लागेल. पुनर्विकासाच्या गप्पा त्यानंतर. ‘दोन वर्षांत टॉवर होणार’ या भरवशावर जादा पैसे मोजू नका.

पैसे

ठाणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे, मुंबईत ६. हा एक टक्का मुंबईकर हमखास विसरतात. ९० लाखांच्या फ्लॅटवर ६,३०,००० शुल्क आणि ३०,००० नोंदणी फी, म्हणजे ६,६०,००० रुपये. रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेल्या दराची) किंमत करारापेक्षा जास्त निघाली तर शुल्क तिच्यावर. बँक ८० टक्के म्हणजे ७२ लाख देईल. शुल्क त्यात धरत नाही. तेव्हा १८ लाख अधिक ६,६०,००० हाताशी हवेत, वर दलाली आणि सोसायटीची कमाल २५,००० हस्तांतरण फी. खरेदीदार फक्त स्त्री असेल तर शुल्कात एक टक्का सूट, इथे ९०,०००. यजमानांचे नाव दुसरे म्हणून घातले तरी सूट जाते. कर्जात मात्र ते सहकर्जदार राहू शकतात. किंमत ५० लाख किंवा जास्त असल्याने १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या रकमेतून कापायचा आयकर) कापून तुम्हीच भरायचा. विकणारा परदेशस्थ असेल तर हा दर बराच जास्त असतो. आधी आम्हाला विचारा.

पाणी आणि वर्दळ

माणशी १३५ लिटर धरून ४० घरे, घरटी चार माणसे म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर. जमिनीखालची टाकी केवढी, ते वॉचमनला विचारा. सचिवांपेक्षा त्यालाच नेमके ठाऊक असते. एप्रिल-मेची टँकरची बिलेही बघा.

तलावपाळीवर एक चक्कर शनिवारी संध्याकाळी मारा, एक गणपतीत. दिवाळी पहाटेला तिथे पाय ठेवायला जागा नसते. पार्किंग सोसायटीच्या आवारात आहे की रस्त्यावर, हे तेव्हाच कळते.

पहिल्या भेटीला येताना शेवटच्या कराराची व इंडेक्स टूची (नोंदणी कार्यालयातल्या उताऱ्याची) प्रत, भागदाखला, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला), सोसायटीचे ताजे देखभाल बिल आणि मालमत्ता कराची पावती आणा. भोगवटा प्रमाणपत्र मिळत नसेल तर तसे फोनवरच सांगा. तपासणी तिथूनच सुरू करू.