गळावरची पिसं आणि माशीची दोन नावं

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशरमध्ये टेस्ट आणि इचेन या दोन नद्या आहेत. खडूच्या खडकातून झिरपलेलं त्यांचं पाणी इतकं नितळ की काठावरून तळाशी उभा असलेला ट्राउट मासा दिसतो. मेच्या मध्यापासून या पाण्यातून एक मोठी मेफ्लाय, म्हणजे नदीत वाढणारी माशी, वर येऊ लागते. तिचं शास्त्रीय नाव इफेमेरा डॅनिका. तिथे गळ टाकणाऱ्यांनी तिला दोन नावं दिली आहेत. पाण्यातून नुकतीच निघालेली ती डन, आणि एक-दोन दिवसांनी नदीवर परतलेली तीच स्पिनर.

ही हौशी मंडळींची नुसती बोली नाही. कीटकशास्त्रात याच दोन अवस्थांना सबइमॅगो आणि इमॅगो म्हणतात. उडण्याजोगे पंख आले की कीटक पुन्हा कात टाकत नाही. फुलपाखरू असो की चतुर, नियम तोच. सगळ्या कीटकांत मेफ्लायचा गण तेवढा याला अपवाद. डन काठावरच्या झाडीत जाऊन बसते आणि पुन्हा एकदा कात टाकते, अगदी पंखांवरचीसुद्धा! डन म्हणजे मळकट राखाडी-तपकिरी रंग. तिच्या धुरकट पंखांवर बारीक लव असते, त्यामुळे वर येताना पाणी चिकटत नाही. स्पिनरचे पंख काचेसारखे चमकतात. तिला काही खाता येत नाही, कारण तोंडाचे अवयव कामाचेच नसतात. नराशी मीलन झालं की मादी पाण्यावर अंडी सोडते आणि पंख पसरून तिथेच पडते. त्या अवस्थेलाही वेगळं नाव आहे, स्पेंट.

हॅच हा शब्द मात्र चकवा देतो. त्याचा अर्थ अंड्यातून बाहेर येणं, पण नदीकाठी तो माश्या पाण्याबाहेर येण्याला वापरतात. प्रत्यक्षात अंडी फुटून साधारण दोन वर्षं झालेली असतात. तेवढा काळ निम्फ, म्हणजे तिची पंख फुटण्याआधीची अवस्था, तळाच्या गाळात काढते.

आता ट्राउटला फसवायला बांधलेल्या खोट्या माशीकडे वळू. फ्लाय म्हणजे गळावर दोऱ्याने पिसं आणि लव बांधून केलेली माशीची नक्कल. त्यातली माझी सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे हॅकल, कोंबड्याच्या मानेवरचं लांब, अरुंद पीस. ते गळाच्या दांडीभोवती गुंडाळलं की त्याचे ताठ तंतू चाकाच्या आऱ्यांसारखे उभे राहतात. गळ लोखंडी, तरी बुडत नाही. अनेक टोकांवर भार वाटला जातो आणि पाण्याचा पृष्ठताण तो पेलतो. ही झाली ड्राय फ्लाय. कोंबडीचं मऊ पीस वापरलं तर ते भिजतं, बुडतं आणि प्रवाहात जिवंत पायांसारखं हलतं. ती वेट फ्लाय.

खालून माशाला काय दिसतं? प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे बाहेरचं सारं जग त्याच्या डोक्यावरच्या सुमारे 97 अंशांच्या गोल खिडकीत मावतं. खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो. प्रवाहाबरोबर माशी जवळ येते तेव्हा आधी त्या आरशात तिच्या पायांनी पडलेले खळगे ठिपक्यांसारखे चमकतात, पंख नंतर दिसतात. हॅकलची टोकंही तसेच खळगे पाडतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक हॅल्फर्ड यांनी या नद्यांवर ड्राय फ्लायचं शास्त्र घट्ट बसवलं. पुढे जी. ई. एम. स्क्यूज यांनी ट्राउटच्या पोटातलं अन्न तपासलं आणि पाण्याखालच्या निम्फची नक्कल बांधायला सुरुवात केली. तरंगती माशी की पाण्याखालची, या प्रश्नात मला स्क्यूज यांची बाजू पटते. माशाने काय गिळलंय हे त्यांनी उघडून पाहिलं होतं.

फेकण्याचंही गणित वेगळं आहे. एरवी शिशाचं वजन दोरी ओढत नेतं. इथे फ्लायला वजनच नसतं, म्हणून दोरीच जड करतात. दोरीला वजनावरून नंबर देतात; पाच नंबरच्या दोरीचे पहिले 30 फूट सुमारे 9 ग्रॅम भरतात.

ट्राउट इंग्रजांनी काश्मीरच्या ओढ्यांत आणि निलगिरीत आणले. सह्याद्रीत ते नाहीत, मेफ्लाय मात्र आहेत. पाऊस ओसरल्यावर वाहत्या ओढ्यातला एखादा दगड अलगद उलटून पाहा. चपटा, बहुधा तीन शेपट्यांचा जीव सरसरत दुसऱ्या बाजूला पळेल. त्याच्या पोटाच्या दोन्ही कडांना हलणारे कल्ले दिसतील. पाठीवरच्या पंखांच्या कळ्या काळ्या पडल्या असतील तर दगड लगेच होता तसा ठेवा. त्या निम्फची डन व्हायची वेळ जवळ आली आहे.